लुंबिनीच्या हातची भाकर

लातूर,
६ जुलै

प्रिय दादा,

जय भीम. हा शब्द मी सोडलेला नाही. माझ्या पत्रात तो वाचून तू तोंड वाकडं करशील, तरी लिहिते.

तुझी लुंबिनी सुखरूप आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळ. सोबत औशाची एक मुलगी आहे. ती झोपेत बोलते, बाकी बरी. खिडकी मागच्या बोळात उघडते. पाणी येतं, पंखा चालतो. वहिनींनी दिलेला चटणीचा डबा मी तपासून तिला परत दिला. इथं सगळ्यांचे डबे तपासावे लागतात, तिचाही तपासला.

तू म्हणालास, फोन करू नको, लिहून कळव. माझा आवाज ऐकायचा नाही, हे मला कळलं. म्हणून पोस्टात जाते. होस्टेलच्या मुली हसतात. मॅडमचं कुठं तरी जमलंय, असं त्यांच्यात चाललेलं असतं.

तुझी अट मी पाळते आहे. पोरीला माझ्या देवाचं वारं लागू द्यायचं नाही. दादा, इथं कुणालाच माझा देव ठाऊक नाही. आडनाव आपलं, नाव सिंधु. होस्टेलचे मालक मला बौद्ध समजतात. चौदा एप्रिलला फोटोसमोर मेणबत्ती लावायला मलाच बोलावतात आणि मी ती मनापासून लावते. रविवारी सकाळी मी मंडईत जाते, अशी सगळ्यांची समजूत आहे. म्हणून चर्चमधल्या उपासनेहून येताना पिशवीत मेथी तरी आणावी लागते. लुंबिनीलाही सांगून ठेवलं आहे, आत्या म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं. ती म्हणाली, मग आत्या कवा म्हणू? मी म्हणाले, दार लावलेलं असताना.

एक मला कळत नाही. लातुरात गल्लोगल्ली होस्टेलं आहेत. तू तिला माझ्याच इथं का ठेवलंस? वहिनींचा हट्ट, असं तू म्हणालास. मला वाटतं, मुलीवर लक्ष ठेवायला मी आणि माझ्यावर लक्ष ठेवायला मुलगी, असा तुझा हिशेब असावा. नसेल तर नसेल. माझं कामच असं आहे की पहिल्यांदा वाईट तेच सुचतं.

काम काय, ते तू कधी विचारलं नाहीस. एका खोलीत कॅमेऱ्यांचा पडदा आहे, त्यावर लहान लहान चौकोन. गेट, जिना, अभ्यासिका, स्वयंपाकघर, गच्चीचं दार. तू विष्णुपुरीला धरणावर बसून पाणी किती चढलं ते बघतोस. मी इथं मुली बघते. पाणी खोटं बोलत नाही, एवढाच फरक.

तिला सोडायला आलास तेव्हा स्टँडवर तू सारखं म्हणत होतास, आपल्या घरातली पहिली डॉक्टर. मागच्या वर्षी थोडक्यात हुकलं, यंदा नक्की. तू बोलत होतास तेव्हा लुंबिनी एसटीच्या चाकाकडे बघत होती. तुझ्या लक्षात आलं नसेल. मला तशी सवय आहे.

वरणाची गोष्ट मी काढणार नाही. तूही काढली नाहीस.

सिंधु


लातूर,
२५ ऑगस्ट

प्रिय दादा,

जय भीम. उत्तर आलं नाही. वहिनींनी लुंबिनीला निरोप दिला, पप्पा मार्क विचारून राहिले. क्लासच्या परीक्षा चालू आहेत. मार्क हाती आले की कळवीन. तब्येत बरी आहे. केस गळतात, पण इथल्या पाण्यानं सगळ्यांचेच गळतात.

आमच्या स्वयंपाकघरात गुरम्मा म्हणून एक बाई आहे. उदगीरच्या पलीकडची, अर्धं कानडी बोलते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. अख्ख्या होस्टेलच्या भाकरी तीच थापते. तिच्यावर माझा संशय आहे. दुपारी मुली क्लासला गेल्या की ती कॅमेऱ्यापुढच्या खिळ्याला परात अडकवते. माझ्या पडद्यावर स्वयंपाकघराचा चौकोन पांढरा होतो. चहाच्या वेळेला परात खाली येते. विचारलं तर म्हणाली, परात वाळाया नको का बाई? परात वाळायला अख्खी दुपार लागत नाही.

आधी वाटलं, डाळ-तांदूळ बाहेर जातो. कोठीचं कुलूप बदललं. काहीच गेलं नव्हतं. मग वाटलं, चिठ्ठ्या. मागची खिडकी बोळात उघडते आणि बोळात मुलं उभी असतात. कुणाची तरी ने-आण ती करत असेल. अजून धरता आलेलं नाही.

लुंबिनीच्या बोटांना भाजलं आहे. इस्त्री लागली, असं म्हणाली. होस्टेलात इस्त्रीला परवानगी नाही. सगळ्या इस्त्र्या माझ्या कपाटात कुलूपबंद आहेत. मी पुढं विचारलं नाही. तिच्या फिजिक्सच्या पुस्तकात पानांच्या बेचक्यात पीठ होतं. तेही विचारलं नाही.

आता जे लिहिते ते तुला आवडणार नाही. अट मुलीपुरती आहे, पत्राला नाही, असं मी धरते.

पीक घरात येऊ लागलं की आमच्या मंडळीत हंगामाचा सण असतो. ज्यानं जे पिकवलं ते त्यानं वेदीपुढं आणून ठेवायचं. कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव. भोपळ्यापेक्षा तो कुणाच्या घरचा, यावर बोली चढते आणि आमच्यातले रुसवेफुगवे त्या दिवशी उघडे पडतात. यंदा नवे पाळक म्हणाले, नोकरीवाल्यांनी पाकिटं आणू नका. तुमच्या कामातून जे निघतं ते आणा. भोपळा देवाचा आणि तुमची नोकरी तेवढी तुमची, असं कसं?

लोकांना आवडलं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. आमच्या होस्टेलच्या दारात मालकांनी पाटी लावली आहे, 'कामातच देव आहे'. ती लागली आणि पाठोपाठ झाडूवालीला काढलं. जिने आता मुली झाडतात, पाळीनं. त्यामुळं काम देवाचं आहे असं कुणी म्हणालं की मी आधी बघते, कुणाचं काम कुणाच्या अंगावर पडणार आहे.

आणि माझ्या कामातून निघतं काय? आमच्यातली शिंपीण ब्लाउज शिवून आणेल. देवणीकडचे एक जण दूध आणतील. मी काय न्यायचं? जप्त केलेल्या किटल्या? मोबाईल? संशय वेदीवर कसा ठेवतात? हे मी पाळकांना विचारलं. ते हसले. म्हणाले, बघा ना, काही सापडतंय का. मला वाटलं, यांनाही ठाऊक नाही.

मार्काचं कळवते.

सिंधु


लातूर,
ऑक्टोबर, दिवाळीच्या आधी

प्रिय दादा,

जय भीम. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. लुंबिनी स्वतः आणते आहे. तिच्याजवळ फडक्यात बांधलेली एक भाकर आहे. ती लगेच सोडू नको. आधी वाच.

मार्क नाहीत. तू मार्क विचारलेस आणि मी केसांचं लिहिलं. लुंबिनी परीक्षेला बसायची आणि कोरा पेपर द्यायची. पुढं बसणंही थांबलं. सकाळी जायची, पण दुपारच्या तासाला सगळ्यांबरोबर रांगेनं गेटबाहेर पडायची आणि मागच्या बोळातून स्वयंपाकघरात परत यायची. गुरम्मा तेवढ्यासाठी परात अडकवत होती.

मला हे पोळ्यानंतर कळलं. एका दुपारी चपला वर ठेवून मी जिन्यानं खाली गेले आणि दार ढकललं. चोर सापडणार म्हणून गेले होते. लुंबिनी पाटावर बसलेली, पुढ्यात काठवट, हात कोपरापर्यंत पिठाचे. गुरम्मा तव्यापाशी. दोघी दचकल्या नाहीत. मला त्याचाच राग आला.

गुरम्मा म्हणाली, "या बाई. टीव्हीत दिसंना म्हणून पायानं आलाव?"

लुंबिनी म्हणाली, "आत्या, बस." दार उघडं होतं.

मी बसले नाही. उभ्यानंच विचारत राहिले. तिनं एकेक सांगितलं, हात न थांबवता. पेपर पुढं आला की अक्षरं नुसती अक्षरं राहतात. हॉल गप्प होतो आणि डोक्यात कलकलाट सुरू होतो. शेजारची पोरगी पान उलटते, त्याचाही आवाज होतो. मग एक दिवस ती क्लासला न जाता जिना चढून वर गेली. गच्चीच्या दारापर्यंत. दाराला कुलूप होतं.

वर कशाला गेली होतीस, हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

दादा, त्या दारावर कॅमेरा आहे. माझ्या पडद्यावर त्याचा चौकोन आहे. त्या दुपारी मी गेट बघत होते. बाहेर पडलेल्या मुली क्लासलाच जातात की दुसरीकडं, हा माझा संशय. आत कोण राहिलं, ते मी पाहिलं नाही. गुरम्मानं पाहिलं. लुंबिनी जिना उतरत होती तेव्हा ती पाण्याची घागर घेऊन चालली होती. तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, पोरी, रिकामीच हाईस तर पीठ मळाया ये.

मी लुंबिनीला म्हणाले, अगं, पण भाकरी थापून काय होणार आहे? ती हातातली भाकर तव्यावर टाकून म्हणाली, "थापताना डोकं गप ऱ्हातंय आत्या. हातच करून राहिलेत समदं."

मग मी गुरम्माकडे वळले. भाकर थापताना ती ओठातल्या ओठात काही पुटपुटते. माझा संशय असा की ही पोरीला आपल्या पंथाचं काही शिकवते आहे. तू माझ्यावर घेतोस तोच संशय मी तिच्यावर घेतला, शब्दसुद्धा तुझेच. काय वारं लावतेस पोरीला? गुरम्मा हसून हसून खोकली. "आकडा मोजते वो बाई. चुकला तर शेवटच्या पोरी उपाशी."

त्याच दिवशी मालकांना कळवायला हवं होतं. नियम तसा आहे. आणि तुला कळवायला हवं होतं. मी गुरम्माला एवढंच म्हणाले, परात काढ, मला दिसू दे.

तुला का कळवलं नाही, ते लिहिते. तू म्हणाला असतास, हिनंच केलं. पोरगी चांगली शिकत होती, हिच्या देवानं डोकं फिरवलं. मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून वरणाचं आता लिहावं लागतं.

बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला मुखेडला मी वरण केलं होतं. वाढायच्या आधी पातेल्यापाशी डोळे मिटले. तू पाहिलंस. भंतेजी बसलेले, गाव बसलेलं, त्या सगळ्यांसमोर तू विचारलंस, यावर काही म्हणलीस का? मी हो म्हणाले. खोटं का बोलू? तू पातेलं उचललंस आणि गोठ्यात ओतलंस. नवं वरण शिजेपर्यंत लोक बसून राहिले. देवणी गाईनं ते खाल्लं. तिला काही झालं नाही, हे मला तेव्हाच म्हणायचं होतं, पण बाबांचा फोटो समोर होता.

तुझा राग मला समजतो, दादा. दगडोबा आजानं छप्पन साली घरातले देव उचलून मन्याड नदीत सोडले, ही गोष्ट तुझ्याइतकीच मीही ऐकत वाढले. त्याच्या नातीनं पुन्हा कुणापुढं मान वाकवावी, हे तुला सहन होत नाही. नवरा गेल्यावर मी मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागले, तेव्हा तू म्हणालास, तांदळासाठी त्यांच्यात गेली. तांदूळ कुणी दिला नाही. तिथं एक म्हातारी सिस्टर बेडपॅन धुताना गुणगुणायची. कुणी ऐकत नसतानाही गुणगुणायची. हे लबाडीचं असेल म्हणून मी तिच्यावर खूप दिवस पाळत ठेवली. काही सापडलं नाही. एवढंच झालं. हे तुला सांगायला गेले की शब्द उपासनेतले येतात आणि ते तुला चालत नाहीत, म्हणून सांगितलं नव्हतं.

पुढचं ऐक. लुंबिनीला मी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्याशी एकटीशी बोलल्या. गोळ्या दिल्या आहेत, त्या तिच्या पिशवीत आहेत, झोपताना घ्यायच्या. बाई म्हणाल्या, गोळी आपलं काम करील, पण घरच्यांनी ऐकून घ्यायला हवं. बाई, तिच्या घरी मीच बोलू शकत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. हो म्हणाले.

मालकांना सांगितलं की ही माझी भाची आहे, आजारी आहे, सुट्टीपर्यंत माझ्या जबाबदारीवर राहील. त्यांनी विचारलं, एवढे दिवस लपवलं का? मग आणखी काय लपवलंय, असंही विचारलं. मी रविवारचं सांगून टाकलं. त्यांनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बघू म्हणाले. दिवाळीनंतर मला ठेवतात की नाही, माहीत नाही. चौदा एप्रिलला मेणबत्तीला तरी बोलावतील का, याचीच मला जास्त काळजी आहे.

तेव्हापासून रोज दुपारी मी स्वयंपाकघराचा चौकोन बघते. बाकीचे चौकोनही बघते, पण डोळा तिथंच जातो. चित्र धुरकट असतं. लुंबिनीचे हात दिसतात, चेहरा दिसत नाही. आधी मी बघायची ती पकडायला. आता कशाला बघते, ते मला नीट सांगता येत नाही.

हंगामाचा सण परवा झाला. आदल्या दिवशी मी तिच्याजवळ एक भाकर मागितली. कशाला, ते स्पष्ट सांगितलं. न सांगता नेली असती तर कुणाला कळलं नसतं, पण ती चोरी झाली असती. तुझी अट मोडायची तर तिच्या तोंडावर मोडावी, असं वाटलं. तिनं विचार केला. म्हणाली, "न्हाई आत्या. पहिली पप्पाला."

तुझीच पोरगी आहे. मला राग आला आणि बरंही वाटलं.

मी रिकाम्या हातानं गेले. वेदीपुढं रांग लागली होती. माझ्या पुढच्या बाईचा कोंबडा सुटला आणि थेट बाकांखाली शिरला. लोक हसत होते, माणसं वाकून त्याच्या मागं. त्या गडबडीत माझा नंबर आला. पाळकांनी माझ्या हातांकडे बघितलं. मी म्हणाले, काही नाही. ते बाजूला सरकले, मला उभं राहू दिलं.

मी डोळे मिटले. प्रार्थना आठवेना. तो चौकोन तेवढा दिसला. धूर, काठवट आणि हात. मग कळलं की रोज दुपारी पडद्यापुढं बसून मी एकच मागते आहे. ही उद्याही इथं बसलेली दिसू दे. एवढंच, रोज तेच. कुणाजवळ मागते, हे कधी मनात नाव घेऊन म्हटलं नव्हतं. ज्या पडद्यापुढं बसून मी एवढी वर्षं मुलींवर संशय घेतला त्याच पडद्यापुढं. मी डोळे उघडले. मिटायचं कारण राहिलं नाही.

हे खरंच आहे, का मी माझ्या सोयीचं मानून घेते आहे, ते मला ठाऊक नाही. संशय गेलेला नाही. पाळकांवरचाही नाही. मालकांची पाटी दिसली की अजून तोंड कडू होतं. तुझ्यावरचाही आहे. हे वाचून तू पोरीला पुन्हा दुसऱ्या क्लासला घालशील, असं मला वाटतं. पण त्या चौकोनाबद्दल मला शंका येत नाही. आणली तरी येत नाही.

दादा, मी तिला शिकवलं काही नाही. देवाचं एक अक्षर नाही. तिनं सकाळी वंदना म्हणायची ती म्हणतेच. विचारून घे.

पण एक माझं ऐक. ती आली की मार्काचं काढू नको. गच्चीचं तर आधी काढूच नको. ती सांगेल तेव्हा सांगेल. पुन्हा परीक्षा द्यायची की दुसरं काही करायचं, ते तुम्ही बसून ठरवा. पण आधी तिच्यासमोर पाटावर बस. वहिनींनी चूल किंवा गॅस, काय असेल ते पेटवावं आणि तिला थापू द्यावं. तू नुसता बघ. धरणाचं पाणी बघतोस तसा बघ. तुला ते येतं.

फडक्यातली भाकर आज सकाळची आहे. ज्वारीची. एका बाजूला करपली आहे. गुरम्मा म्हणाली, ही नको, दुसरी ने. लुंबिनी म्हणाली, हीच.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते. मी तिच्यापाशी उभी होते. या भाकरीवर मी काही म्हटलेलं नाही. म्हणायची गरज पडली नाही.

खा.

तुझी बहीण,
सिंधु